वाग्दत्तेला लिहिलेली पत्रे : क्लाइस्टचा पत्रव्यवहार आणि हरवलेली उत्तरे

१

जर्मन नाटककार आणि कथाकार हाइनरिख फॉन क्लाइस्ट (१७७७–१८११) याच्या एका पत्राला वाङ्मयेतिहासात आणि तत्त्वज्ञानाच्या इतिहासातही कायमचे स्थान मिळालेले आहे. २२ मार्च १८०१ रोजी बर्लिनहून लिहिलेल्या या पत्रात क्लाइस्ट सांगतो की, कान्टच्या नव्या तत्त्वज्ञानाशी त्याचा नुकताच परिचय झाला आणि त्यामुळे त्याच्या आयुष्याचा आधारच ढासळला. हे समजावून देताना तो एक दाखला योजतो. सर्व माणसांना डोळ्यांच्या जागी हिरव्या काचा असत्या, तर दिसणाऱ्या वस्तू हिरव्या आहेत असाच निर्णय त्यांना द्यावा लागला असता. आपले डोळे वस्तू आहे तशी दाखवतात की तिच्यात स्वतःचे काही मिसळतात हे त्यांना कधीच ठरवता आले नसते. आपल्या बुद्धीचेही तसेच आहे. मग ज्याला आपण सत्य म्हणतो ते खरोखर सत्य आहे की केवळ आपल्याला तसे भासते, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

‘क्लाइस्टचे कान्ट-संकट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रसंगावर विपुल लेखन झालेले आहे. क्लाइस्टने कान्टचा नेमका कोणता ग्रंथ वाचला होता, त्याला कान्ट समजला होता काय, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. क्लाइस्टला हादरा देणारा ग्रंथ कान्टचा नसून फिख्टेचा असावा, असा तर्क एर्न्स्ट कासिररने १९१९ साली मांडला. या साऱ्या चर्चेत एक साधी गोष्ट मात्र बाजूला पडत गेली. हे पत्र एका तरुण पुरुषाने आपल्या वाग्दत्त वधूला लिहिलेले आहे. ते प्रबंध नाही, रोजनिशी नाही, आत्मकथनही नाही. वाङ्निश्चयाला एक वर्ष लोटलेले असताना, विवाहाची अट अद्याप अपुरी असताना, तिच्याकडून काही मिळवण्यासाठी लिहिलेले ते पत्र आहे.

पत्र हा वाङ्मयप्रकार संबोधितावाचून अस्तित्वात येऊच शकत नाही, हे आपण सिद्धान्त म्हणून मान्य करतो. प्रत्यक्ष समीक्षाव्यवहारात मात्र लेखकाची पत्रे आपण पुरावा म्हणून वापरतो आणि वापरताना पहिल्या ओळीतील नाव गाळून टाकतो. क्लाइस्टच्या बाबतीत हे नाव विल्हेल्मीने फॉन त्सेंगे असे आहे. ते नाव गाळले असता त्या पत्रांचा अर्थ केवळ अपुरा राहत नाही, तर बदलतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

विल्हेल्मीने (१७८०–१८५२) ही ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्ट येथील लष्करी अधिकाऱ्याची कन्या. क्लाइस्टचे घराणेही त्याच गावचे आणि तेही लष्करी परंपरेचे. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतच तो राजाच्या रक्षक पलटणीत दाखल झाला होता. १७९९ च्या एप्रिलमध्ये त्याने लष्करी नोकरी सोडली आणि गावातील विद्यापीठात नाव घातले. तेथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक वुन्श यांच्याकडून एका लहानशा खाजगी वर्तुळासाठी प्रायोगिक भौतिकशास्त्राची व्याख्याने त्याने आयोजित करवली. या श्रोतृवर्गात शेजारच्या त्सेंगे घराण्यातील मुली होत्या. म्हणजे परिचयाची पहिली जागाच वर्गाची होती, आणि क्लाइस्ट त्या वर्गात लवकरच साहाय्यक शिक्षकाच्या भूमिकेत शिरला.

१८०० सालच्या आरंभी त्याने विल्हेल्मीनेला मागणी घातली, तीही पत्रानेच. या प्रसंगाची हकिगत खुद्द तिच्याकडून आपल्याला मिळते. १८०३ साली लिहिलेल्या एका पत्रात ती सांगते की, दुसऱ्याच दिवशी तिने नकार कळवला होता. आपले त्याच्यावर प्रेम नाही, त्याची पत्नी होण्याची इच्छाही नाही, मित्र म्हणून मात्र त्याची किंमत वाटत राहील, असे तिने स्पष्ट लिहिले होते. क्लाइस्टने हे उत्तर अंतिम मानले नाही. पुढे तिचे मन वळले, आरंभी गुप्त असलेली गोष्ट आईवडिलांच्या कानी गेली आणि त्यांनी संमती दिली. परंतु क्लाइस्टने एखादे सरकारी पद मिळवावे, मगच विवाह व्हावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

वाङ्निश्चय ही त्या काळी केवळ भावनेची बाब नव्हती. १७९४ च्या प्रशियाच्या विधिसंहितेत विवाहवचनासंबंधी स्वतंत्र तरतुदी होत्या. दिलेले वचन कुटुंबाच्या प्रतिष्ठेशी, मालमत्तेशी आणि कायद्याशी जोडलेले होते. त्याच वेळी सुशिक्षित मध्यमवर्गातून आलेली आणि सरदार घराण्यांतही पसरत असलेली नवी कल्पना अशी होती की, विवाह परस्परांच्या मनांच्या परिचयावर उभा राहावा. जुन्या अर्थाने ठरलेल्या आणि नव्या अर्थाने अजून घडावयाच्या अशा या नात्याला एक मधला काळ लागत होता. तो भरून काढण्याचे काम पत्राकडे आले. वाङ्निश्चय आणि विवाह यांमधील पत्र एकाच वेळी करारही असते आणि परीक्षाही.

पत्रलेखनाविषयीच्या कल्पनाही याच सुमारास पालटल्या होत्या. गेलर्टने १७५१ मध्ये पत्रांतील सुरुचीविषयी जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यात साचेबंद दरबारी पत्राऐवजी संभाषणासारखे स्वाभाविक पत्र हा आदर्श ठेवला होता, आणि असे पत्र स्त्रियांना अधिक सहज साधते असेही म्हटले होते. पन्नास वर्षांनंतर क्लाइस्ट ज्या मुलीला पत्रे लिहीत होता, तिच्या पिढीने हा आदर्श सहजपणे पचवलेला होता. मात्र तिच्या वाट्याला आलेला पत्रलेखक स्वाभाविकपणावर संतुष्ट राहणारा नव्हता.

३

१८०० च्या वसंत ऋतूतील आणि उन्हाळ्यातील क्लाइस्टची पत्रे प्रथमच वाचणाऱ्याला प्रेमपत्रांऐवजी स्वाध्यायपुस्तिका हाती आल्यासारखे वाटते. तो विल्हेल्मीनेला विचार करण्याच्या सरावासाठी प्रश्न लिहून देतो. चांगले असणे श्रेष्ठ की चांगले वागणे? थोडा काळ सुखी असणे अधिक इष्ट की कधीच सुख न मिळणे? तिने लेखी उत्तरे द्यावीत आणि त्याने ती तपासावीत, अशी व्यवस्था आहे. ३० मे १८०० च्या पत्रात तो स्वतःच एका प्रश्नाचे नमुनेदार उत्तर लिहून दाखवतो. पती-पत्नींपैकी एकाच्या अकाली मृत्यूने दुसऱ्यापैकी कोणाचे अधिक नुकसान होते, असा तो प्रश्न आहे. पक्ष, प्रतिपक्ष, दोघांच्या कर्तव्यांची मोजदाद या क्रमाने जाऊन, पुरुषाचे नुकसान अधिक, या निष्कर्षावर तो येतो. वाग्दत्त वधूला असा प्रश्न घालण्यातील विक्षिप्तपणा त्याच्या ध्यानीही आलेला दिसत नाही.

सप्टेंबरमध्ये तो पत्रासोबत स्त्रीच्या प्रबोधनाविषयीचा एक छोटा निबंधच पाठवतो. स्त्रीने परलोकाच्या चिंतनात न गुंतता इहलोकातील आपले कार्य ओळखावे आणि ते कार्य मातृत्वाचे आहे, अशी त्याची दिशा आहे. पत्नी घडवणे ही पुरुषाची कृती आहे, हे त्याचे गृहीत या पत्रांतून वारंवार उघड होते. ते गृहीत त्याचे एकट्याचे नव्हते. रूसोच्या ‘एमिल’मधील (१७६२) सोफीचे शिक्षण एमिलच्या गरजांनी ठरते, आणि क्लाइस्टच्या पिढीने रूसो भक्तीने वाचला होता.

आजचा वाचक येथे थांबून या पत्रांना पुरुषी अहंकाराचा नमुना ठरवील. तो निर्णय चुकीचा नाही. पण तो फार लवकर दिलेला आहे. या स्वाध्यायांकडे दुसऱ्या बाजूने पाहिल्यास त्यांत आणखी एक व्यवहार चाललेला दिसतो. १८०० च्या नोव्हेंबरमधील पत्रांत क्लाइस्ट तिला निसर्गाचे निरीक्षण करण्यास आणि प्रत्येक निरीक्षणाला दोन प्रश्न विचारण्यास सांगतो: हे कशासारखे आहे, आणि यातून मला काय शिकता येते? हाती लागलेली साम्ये तिने लिहून ठेवावीत, असा त्याचा आग्रह आहे. आपणही विचारांचा असा एक संग्रह करीत असल्याचे तो सांगतो. विद्यार्थिनीसाठी आखलेला हा अभ्यासक्रम प्रत्यक्षात लेखक होऊ पाहणाऱ्या शिक्षकाचाच अभ्यासक्रम आहे.

याच काळातील १६ नोव्हेंबरच्या पत्रात पुढे प्रसिद्ध पावलेले एक साम्य येते. व्युर्त्सबुर्ग येथे एका संध्याकाळी अत्यंत उद्विग्न मनःस्थितीत वेशीच्या कमानीखालून जाताना त्याला प्रश्न पडला: या कमानीला खालून आधार नसताना ती कोसळत का नाही? उत्तर असे सुचले की, तिचे सर्व दगड एकाच क्षणी कोसळू पाहतात म्हणूनच ती उभी राहते. या विचाराने त्याला धीर आला. १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पेंथेसिलेया’ या शोकांतिकेत हीच कमान परत येते. पराभूत राणीला तिची सखी कमानीसारखे ताठ उभे राहण्यास सांगते. पतनाच्या ओढीतूनच स्थैर्य निर्माण होते ही क्लाइस्टच्या नाट्यसृष्टीतील मध्यवर्ती प्रतिमा प्रथम कागदावर उतरली ती एका वीस वर्षांच्या तरुणीला निरीक्षण कसे करावे हे शिकवण्याच्या निमित्ताने. या काळात क्लाइस्टने एकही नाटक लिहिलेले नव्हते. पत्र हीच त्याची लेखनशाळा होती आणि विल्हेल्मीने ही त्याची पहिली वाचक.

४

व्युर्त्सबुर्गचा हा प्रवास स्वतःच एक कोडे आहे. १८०० च्या ऑगस्टमध्ये क्लाइस्ट ब्रोकेस नावाच्या मित्रासह अचानक निघाला. दोघांनी वाटेत खोटी नावे धारण केली. ऑक्टोबरअखेर तो बर्लिनला परतला. प्रवासाचा हेतू काय होता हे त्याने वाग्दत्तेलाही सांगितले नाही. शस्त्रक्रिया, गुप्त औद्योगिक कामगिरी, गुप्तमंडळाशी संबंध असे अनेक तर्क संशोधकांनी केले आहेत. त्यांपैकी एकही निर्विवाद नाही.

आपल्या दृष्टीने हेतूपेक्षा त्याविषयीचे मौन महत्त्वाचे आहे. हा प्रवास आपल्या दोघांच्या सुखासाठी आहे, एवढेच तो तिला कळवतो आणि त्यापुढे काही विचारू नये, केवळ विश्वास ठेवावा, असे बजावतो. एकीकडे तो शहरांची, नद्यांची, व्युर्त्सबुर्गच्या रुग्णालयातील मनोरुग्णांची सविस्तर वर्णने लिहितो; दुसरीकडे ज्या एका गोष्टीची ती वाट पाहत असणार ती लिहीत नाही. आणि तिचे पत्र वेळेवर आले नाही की बेचैन होतो, तक्रार करतो. ज्या मुलीला प्रत्येक गोष्टीचे कारण शोधण्याचा स्वाध्याय दिला होता, तिच्याकडूनच येथे कारण न विचारण्याची अपेक्षा आहे. विवेक आणि निःशंक विश्वास अशा दोन परस्परविरोधी परीक्षा तिला एकाच वेळी द्याव्या लागत होत्या.

अकरा वर्षांनंतर, मृत्यूच्याच वर्षी, क्लाइस्टने ‘सांतो दोमिंगोतील वाङ्निश्चय’ ही कथा प्रसिद्ध केली. हैतीतील गुलामांच्या उठावाची पार्श्वभूमी असलेल्या या कथेत टोनी ही तरुणी गुस्ताव या परक्याशी वचनबद्ध होते आणि त्याचा जीव वाचवण्यासाठी त्याला दोरांनी बांधून ठेवते. त्याला तो विश्वासघात वाटतो आणि तो तिला गोळी घालतो. सत्य कळल्यावर तो स्वतःचाही अंत करतो. आपल्यावर अविश्वास दाखवायला नको होता, हे टोनीचे अखेरचे म्हणणे. कथेतून जीवन वाचण्याची किंवा जीवनातून कथा उलगडण्याची घाई करण्याचे कारण नाही. तरीही रचनेतील उलटापालट लक्षणीय आहे. पत्रांत विश्वासाची मागणी पुरुष करतो आणि परीक्षा स्त्रीची होते. कथेत कारण न सांगता कृती करणारी स्त्री आहे आणि विश्वासाच्या परीक्षेत पुरुष नापास होतो. वाङ्निश्चय या नात्यातील विश्वासाचा प्रश्न क्लाइस्टला पत्रांच्या पानांवर सुटला नव्हता. कथेत तो त्याने स्वतःच्या विरोधात मांडला.

५

आता मार्च १८०१ च्या त्या पत्राकडे त्याच्या मूळ जागी परत जाऊन पाहता येईल. व्युर्त्सबुर्गहून परतल्यावर लवकरच, १३ नोव्हेंबर १८०० रोजी, सरकारी पद स्वीकारण्याची आपली इच्छा नसल्याचे क्लाइस्टने विल्हेल्मीनेला कळवले होते. पद हीच विवाहाची अट असल्याने याचा अर्थ दोघांनाही स्पष्ट होता. पदाऐवजी तो ज्ञानसाधनेचे आयुष्य सुचवीत होता. सत्याचा संचय करणे आणि स्वतःला घडवीत राहणे हे आयुष्याचे ध्येय त्याने तिच्यापुढे वारंवार मांडले होते, आणि तिला दिलेल्या सगळ्या शिक्षणाचा पायाही तोच होता.

म्हणून २२ मार्चच्या पत्रात जे कोसळते ते केवळ एका तरुणाचे तत्त्वज्ञान नव्हे. सत्य मिळवता येत नसेल तर ज्ञानसाधनेचे आयुष्य निरर्थक ठरते. ते निरर्थक ठरले की पद नाकारण्याचे समर्थन जाते. आणि शिक्षक म्हणून तिच्यावर चालवलेला अधिकारही जातो. ही घटना वाङ्निश्चयाच्या करारातील एका कलमाचा भंग आहे. त्यामुळेच या पत्राचा शेवट तत्त्वचर्चेत होत नाही, विनंतीत होतो. आपल्याला काम करता येत नाही, तेव्हा आपल्याला प्रवासाला जाऊ द्यावे, असे तो तिला विनवतो. दुसऱ्याच दिवशी, २३ मार्च रोजी, सावत्र बहीण उलरीके हिला लिहिलेल्या पत्रातही हेच संकट आणि हाच प्रवासाचा बेत येतो. पण तेथे तत्त्वज्ञानाचे निवेदन थोडक्यात आटोपते. वाग्दत्तेपुढे मात्र कारणमीमांसा विस्ताराने करावी लागते, कारण परवानगी तिच्याकडून मिळवावयाची आहे.

याचा अर्थ क्लाइस्टचे संकट खोटे होते असा मुळीच नाही. संकट खरे असूनही त्याची मांडणी विशिष्ट वाचकासाठी केलेली असू शकते. हिरव्या काचांचा दाखला हे याचे उत्तम उदाहरण होय. तो कान्टचा नाही. विल्हेल्मीनेला हा सगळा विषय पुरेसा ठाऊक नाही, म्हणून आपण शक्य तितके स्पष्ट बोलतो, असे सांगून क्लाइस्ट त्या दाखल्याकडे वळतो. म्हणजे ‘हे कशासारखे आहे?’ हा नोव्हेंबरमधला स्वाध्याय शिक्षक स्वतः येथे सोडवून दाखवीत आहे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात शिरलेली ती प्रतिमा मुळात वाग्दत्तेच्या शिक्षणाचा शेवटचा पाठ होती. संबोधित नसती तर ती प्रतिमाही नसती.

विल्हेल्मीनेने या पत्राला उत्तर दिले. ते उत्तर आज उपलब्ध नाही. परंतु २८ मार्चच्या क्लाइस्टच्या पत्रात त्याचा माग सापडतो. आपले मन शांत करण्यासाठी तिने केलेल्या प्रयत्नांचा तो गौरव करतो आणि पुढे असे म्हणतो की, एका विख्यात दर्शनाच्या विरुद्ध जाणारे असले तरी स्वतःचे मत मांडण्यास ती लाजली नाही, या तिच्या धैर्याचा तो आदर करतो. पाठोपाठ तो तिची बाजू खोडून काढतो. चूक अंतःकरणात नसून बुद्धीत आहे आणि बुद्धीच ती दूर करू शकेल, असा त्याचा प्रतिवाद आहे.

या दोन-तीन ओळींचे महत्त्व फार मोठे आहे. विचारसरावाचे प्रश्न जिला घातले गेले, ती विद्यार्थिनी खरोखरच स्वतंत्र विचार करू लागली होती आणि तिने कान्टविरुद्ध स्वतःचे मत लेखी मांडले होते. ते मत काय होते? क्लाइस्टच्या उत्तराच्या रोखावरून एवढेच म्हणता येते की, ते अंतःकरणाच्या साक्षीवर आधारलेले असावे. पण त्याच्या रोखावर भरवसा तरी किती ठेवावा? प्रतिपक्षाचा युक्तिवाद केवळ पूर्वपक्षाच्या खंडनातून ओळखण्याचा प्रसंग आपल्याकडील दर्शनांच्या अभ्यासकालाही परिचित आहे. चार्वाकमताची ओळख मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून होते. क्लाइस्ट-संशोधनात विल्हेल्मीनेचे स्थान काहीसे असेच आहे. तिचे म्हणणे उरले आहे ते खंडनापुरते.

६

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८०१ च्या वसंतात क्लाइस्ट उलरीकेसह पॅरिसकडे निघाला. पॅरिसने त्याची निराशा केली. १० ऑक्टोबर १८०१ च्या पत्रात त्याने विल्हेल्मीनेपुढे एक नवा बेत ठेवला: स्वित्झर्लंडमध्ये जमीन घ्यावी, स्वतः शेतकरी व्हावे, तिने शेतकऱ्याची पत्नी म्हणून तेथे यावे. रूसोच्या वाचनातून उगवलेल्या या स्वप्नात तिच्यासाठी काम होते, मत नव्हते. तिने आपल्या नाजूक प्रकृतीचे कारण देऊन असमर्थता कळवली आणि त्याला मायदेशी परतण्याचा आग्रह केला. चरित्रकारांनी या नकारात कधी भित्रेपणा पाहिला, कधी सामान्यपणा. परंतु १८०० च्या आरंभी तिने दिलेला पहिला नकारही स्वच्छ आणि विचारपूर्वक होता, हे आठवले तर या दुसऱ्या नकारातही तीच व्यक्ती दिसू शकते.

१० एप्रिल १८०२ रोजी तिने पुन्हा लिहिले. क्लाइस्टला तिने वाङ्निश्चयाच्या काळात लिहिलेल्या पत्रांपैकी हे एकच आज उपलब्ध आहे. २० मे रोजी थूनजवळच्या आरे नदीतील बेटावरून क्लाइस्टने तिला शेवटचे पत्र पाठवले आणि यापुढे आपल्याला लिहू नये असे कळवून नाते संपवले. लवकरच मरण यावे याखेरीज दुसरी इच्छा नाही, असेही त्यात होते.

विल्हेल्मीनेने १८०४ च्या जानेवारीत विल्हेल्म ट्राउगोट क्रूग या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाशी विवाह केला. मागणीच्या प्रसंगाची जी हकिगत वर दिली, ती तिने विवाहापूर्वी याच क्रूगला लिहिलेल्या पत्रातून आलेली आहे. पहिल्या वाङ्निश्चयाविषयीचे तिचे मुख्य निवेदन पुढे पती होणाऱ्या दुसऱ्या पुरुषाला उद्देशून आहे, म्हणून त्यालाही संबोधिताचा नियम लागू करावाच लागेल. १८०५ मध्ये क्रूगची क्यॉनिग्जबर्ग येथे नियुक्ती झाली, तीही कान्टच्या रिक्त अध्यासनावर. ज्या तत्त्वज्ञाने पहिल्या वाङ्निश्चयाला तडा गेला, त्याच्याच अध्यासनाचा वारस तिचा पती होता. क्लाइस्ट त्याच वर्षी नोकरीच्या निमित्ताने त्या शहरी आला आणि क्रूग दांपत्याकडे त्याचे जाणेयेणेही झाले.

‘बोलता बोलता विचार क्रमाक्रमाने कसा घडत जातो’ या विषयावरचा क्लाइस्टचा निबंध बहुधा याच क्यॉनिग्जबर्गच्या वास्तव्यातला आहे. तो त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. विचार आधी पूर्ण होतो आणि मग शब्दांत उतरतो हे खरे नाही. समोर कोणीतरी असले की बोलण्याच्या ओघातच विचार जन्म घेतो, असा त्याचा आशय आहे. दाखला म्हणून तो आपल्या पाठीमागे बसलेल्या बहिणीचा उल्लेख करतो. तिने काही सांगण्याची गरज नसते. तिची उपस्थिती पुरेशी असते. संभाषणविषयक सिद्धान्त म्हणून हा निबंध अत्यंत आधुनिक मानला जातो आणि तो मान योग्यच आहे. परंतु वाग्दत्तेला लिहिलेली पत्रे शेजारी ठेवली की या सिद्धान्ताची किंमतही दिसते. त्यात श्रोत्याला जागा आहे, उत्तराला नाही. विल्हेल्मीनेने तर उत्तरे दिली होती.

७

क्लाइस्टची पत्रे आज आपल्यापर्यंत पोहोचली याचे कारण साधे आहे: ती तिने जपली. नाते तुटल्यावर, दुसऱ्याशी विवाह झाल्यावर, क्यॉनिग्जबर्गहून लाइपझिगला स्थलांतर झाल्यावर, २१ नोव्हेंबर १८११ रोजी वान्झे तळ्याकाठी क्लाइस्टने हेन्रिएटे फोगेलसह मृत्यू पत्करल्यावरही ती तिने जपली. तिच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, कार्ल बीडरमानने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिची पत्रे मात्र एक सोडून सारी गेली. क्लाइस्ट सतत स्थलांतर करणारा, स्वतःची हस्तलिखितेही जाळणारा माणूस होता. तेव्हा यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. परिणाम मात्र उरतोच. एका बाजूने जतन केले म्हणून दुसऱ्या बाजूचा आवाज टिकला, आणि जतन करणारी स्वतः वाङ्मयेतिहासात ‘क्लाइस्टची वाग्दत्त वधू’ या एका पदात मिटून गेली.

मराठी अभ्यासकाला येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आपले एक उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. बालविवाहाच्या रूढीमुळे वाङ्निश्चयोत्तर प्रणयपत्राला आपल्याकडे जागाच नव्हती; पती हाच शिक्षक आणि पत्नी हीच विद्यार्थिनी ही रचना मात्र होती. गोपाळराव जोशी आणि आनंदीबाई यांचा विवाह १८७४ मध्ये झाला आणि १८८३ मध्ये आनंदीबाई वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. त्यानंतरच्या पत्रव्यवहारात शिकवणारा पती आणि त्याच्या अपेक्षेपलीकडे वाढलेली विद्यार्थिनी यांच्यातील ताण स्पष्ट दिसतो. फरक इतकाच, की काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे आनंदीबाईंची पत्रे मराठी वाचकापुढे आली. तेथे विद्यार्थिनीचे उत्तर ऐकू येते, म्हणून गोपाळरावांचे शिक्षकपण आपण केवळ त्यांच्याच शब्दांवरून तोलत नाही. दोन्ही बाजू उपलब्ध असणे म्हणजे काय, आणि एकच उपलब्ध असणे म्हणजे काय, हे या तुलनेतून उमगते. तुलनेचा हक्क एवढ्यापुरताच आहे. दोन समाजांतील विवाहसंस्था एकाच मापाने मोजता येत नाहीत.

एकतर्फी पत्रसंग्रहाचे वाचन करताना दोन मोह टाळावे लागतात. पहिला मोह संबोधिताला विसरण्याचा. त्यातून ‘कान्ट-संकटा’सारखी, आपल्या पत्रव्यवहारातून तोडून काढलेली सुभाषिते तयार होतात. दुसरा मोह संबोधिताच्या जागी कल्पनेने एक व्यक्ती उभी करण्याचा. त्यातून कधी अल्पबुद्धीची वाग्दत्त वधू निर्माण होते, तर कधी, अलीकडच्या काळात, अन्यायाखाली दडपलेली प्रतिभावंत स्त्री. या दोन्ही प्रतिमा आपल्याच गरजेतून घडतात. उपलब्ध संहिता याहून कमी सांगते, पण अधिक निश्चितपणे सांगते. तिने पहिल्यांदा नाही म्हटले. तिने दिलेले स्वाध्याय सोडवले. एका विख्यात दर्शनाशी ती असहमत झाली आणि तसे तिने लिहून कळवले. परक्या देशी शेतकरीण होण्याचे तिने नाकारले. आणि तिने पत्रे जपली.

या पाच कृतींपैकी पहिली तिच्या स्वतःच्या शब्दांत उरली आहे. पुढच्या तिन्ही आपल्याला कळतात त्या मुख्यतः क्लाइस्टच्या उत्तरांतून. पाचवी मात्र कोणाच्याही शब्दांवर अवलंबून नाही. तिचा पुरावा म्हणजे आपल्या हातातील पत्रसंग्रहच. क्लाइस्टच्या आरंभीच्या काळावर लिहिणारा प्रत्येक अभ्यासक त्या पाचव्या कृतीच्या आधारावर उभा असतो. तेव्हा २२ मार्चच्या पत्रातील हिरव्या काचांचा दाखला यापुढे उद्धृत करताना त्या पत्राच्या माथ्यावरील नावही उद्धृत करावे आणि २८ मार्चचे पत्र त्याच्या शेजारी ठेवावे. तसे केले म्हणजे हरवलेले उत्तर परत मिळणार नाही. परंतु उत्तर आले होते, हे तरी नोंदले जाईल.